नांगरलेल्या बोटीवरची टक्-टक्: दोर, साखळी आणि उडालेल्या झोपेचा इतिहास

हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना हेडफोन लावता येत नाहीत किंवा लोकलच्या गोंगाटात काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी. एपिसोडमध्ये बरेच आवाज मी तोंडाने काढून दाखवले होते, इथे तुम्हाला अक्षरांवर भागवावं लागेल.

तर कल्पना करा. शिडाची बोट आहे, दहा-बारा मीटर लांबीची. दिवसभर वारा खाऊन तुम्ही एका शांत खाडीत शिरलात, नांगर टाकला, इंजिन बंद केलं. चांदणं वगैरे आहे. आता काय, मस्त झोप. आणि मग सुरू होतं. टक्. टक्. टक्-टक्. टक्. नेमाने वाजलं असतं तर मेंदूने पंख्यासारखं ते मागे टाकलं असतं. पण याला ताल नाही. पुढचा टक् कधी येणार याची वाट बघत तुम्ही छताकडे डोळे लावून पडता. त्यातच खालून घर्रर्र असा आवाज येतो, म्हणजे कुणी तळघरात लोखंडी कपाट ओढतंय जणू. मागच्या बाजूला धप्प. कपाटात दोन कप एकमेकांना भेटतात. आणि वर कुठेतरी एक तार गुणगुणायला लागते.

आमच्या क्षेत्रात ऑन-कॉल असलेल्या माणसाला रात्री तीन वाजता फोन वाजला की जे होतं, तेच हे. फरक इतकाच की इथे लॉग नसतात. फक्त कान असतात.

या आवाजांच्या मागे लागलो तेव्हा मला एक गंमत सापडली. यातले बहुतेक आवाज समुद्राइतके जुने नाहीत. ते अलीकडचे आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे कुठली ना कुठली सुधारणा आहे. दोर गेला, साखळी आली: एक आवाज जन्मला. लाकूड गेलं, अॅल्युमिनियम आलं: दुसरा. मग तो आवाज बंद करायला कुणीतरी तिसरंच काहीतरी शोधून काढलं. आज ती साखळी उलगडू. शब्दशः साखळीच.

आधी दोरांचा काळ. अठराव्या शतकातल्या युरोपीय जहाजांचा नांगर तागासारख्या हेम्पच्या दोराला बांधलेला असायचा. दोर म्हणजे आपल्या विहिरीवरचा नव्हे. नेल्सनच्या व्हिक्टरी या युद्धनौकेच्या नांगरदोराचा घेर सुमारे २४ इंच होता. म्हणजे चांगल्या जाड माणसाच्या मांडीइतका. हा दोर नांगर ओढायच्या चक्राला गुंडाळताच यायचा नाही इतका जाड. मग एक बारीक दोर चक्रावर फिरवायचा, जाड दोर त्याला जागोजागी छोट्या दोऱ्यांनी बांधत जायचा, पुढे गेला की सोडायचा. ओला, चिखलाने माखलेला दोर पोटात घेऊन जहाज निघायचं. वास किती येत असेल याची कल्पना करवत नाही.

पण या दोराचा एक गुण होता. तो तळावर घासला तरी बोंबलत नव्हता. जहाज लाकडाचं, त्यामुळे कुरकुर भरपूर. फळ्या एकमेकींवर घासायच्या, डोलकाठी कण्हायची. पण तो आवाज मऊ, खालच्या पट्टीतला. धातूवर धातू आपटल्याचा टणत्कार त्यात फारसा नव्हता.

आपल्या किनाऱ्यावर तर याहून भारी वस्तू होती: काथ्या. विजयदुर्ग, सिंधुदुर्गाच्या आसपासच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना दगडी नांगर सापडलेत. भोकं पाडलेले दगडच ते, भोकातून दोर ओवायचा. हिंदी महासागरात हा दोर बहुधा काथ्याचा असे. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि मुख्य म्हणजे ताणला की लांबतो आणि परत येतो. लाटेचा झटका आला की तो स्वतः खातो, जहाजापर्यंत पोचू देत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो, पण त्या सुंभाच्या पिळातली ही लवचीकता पूर्वेकडे आलेल्या इंग्रज जहाजांनाही आवडली होती आणि तेही इथे काथ्याचे जाड दोर वापरायचे. हे लक्षात ठेवा, दीडेकशे वर्षांनी ही गोष्ट पुन्हा येणार आहे. वेगळ्या कपड्यांत.

दोराचा दोष मात्र जीवघेणा होता. तो कापला जायचा. १७६८ साली फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल ताहितीला पोचला. बेट स्वर्गासारखं, तळ प्रवाळाचा. प्रवाळ म्हणजे करवत. काही दिवसांत त्याचे सहा नांगर गेले. दोर तुटले आणि नांगर तळाशी राहिले. नांगर गेला म्हणजे जहाज खडकावर गेलंच असं नाही, पण खडक आणि जहाज यांच्यामध्ये मग उरतं काय? खलाशांचं नशीब.

इथे येतो सॅम्युअल ब्राउन, रॉयल नेव्हीतला लेफ्टनंट. त्याने पेनेलोप नावाच्या जहाजावर लोखंडी साखळ्या आणि लोखंडी दोरखंड बसवले, जहाज वेस्ट इंडीजपर्यंत पाठवून परत आणलं, आणि १८०८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे वेल्समध्ये त्याचा साखळ्यांचा कारखाना उभा राहिला, साखळी ताणून तपासायचं यंत्रही त्याने बांधलं. तिथून तो पुलांकडे वळला. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीवरचा युनियन ब्रिज, १८२० मध्ये खुला झालेला, त्याचाच. साखळीने जहाज धरता येतं तर रस्ताही धरता येईल, असं साधं गणित. मला हा माणूस आवडतो. एक लायब्ररी लिहिली आणि दोन वेगळ्या प्रॉडक्टमध्ये चालवली.

साखळी प्रवाळाला घाबरत नाही, कुजत नाही, कमी जागेत मावते. वजनामुळे ती नांगराजवळ तळावर सपाट पडून राहते, म्हणजे नांगरावरचा ओढ आडवा राहतो आणि तो जमिनीत घट्ट रुततो. हे सगळं खरं. पण साखळी बोलते. भरती-ओहोटी बदलली, वारा फिरला, की बोट नांगराभोवती फिरते आणि तिची साखळी तळावरून फरफटत जाते. चिखलात पडली असेल तर काही कळत नाही. खडकाळ तळ असेल तर एकेक कडी दगडावरून उडी मारते, आणि लोखंड ही कंपनं इमानदारीने वर पाठवतं. वर ती बोटीच्या पुढच्या टोकावरच्या रोळाला धरतात, रोळ बोटीच्या सांगाड्याला, आणि पोकळ फायबरग्लासचा सांगाडा म्हणजे तबल्याचा डग्गाच. आणि झोपायची जागा कुठे असते? बऱ्याच बोटींत अगदी पुढे. डग्ग्याच्या आत.

याचा इलाज १८०८ ला शक्य नव्हता. तो एका वेगळ्याच क्षेत्रातून आला. २८ फेब्रुवारी १९३५ ला अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या गटाने पहिल्यांदा नायलॉन बनवलं. लोकांना ते कळलं १९३८ मध्ये, आणि १९४० मध्ये बायकांच्या मोज्यांच्या रूपाने दुकानात आलं. कॅरोथर्स ते बघायला नव्हता, १९३७ मध्येच त्याने आत्महत्या केली होती. मग महायुद्ध. जपानने फिलिपिन्स घेतलं आणि अमेरिकेला मिळणारा मनिला हेम्प बंद झाला. मोज्यांचं नायलॉन लष्कराकडे वळलं: पॅराशूट, आणि ग्लायडर विमानं ओढायचे दोर. ग्लायडर ओढताना झटका खाणारा दोर लागतो, आणि नायलॉन तुटायच्या खूप आधी चांगलंच लांबतं.

युद्ध संपलं, हा दोर बोटवाल्यांच्या हाती आला. कुणी संपूर्ण नांगरदोरच नायलॉनचा केला, कुणी साखळी ठेवली आणि एक युक्ती केली. नांगर टाकून झाला की साखळीला पाण्याजवळ नायलॉनचा काही मीटरचा तुकडा आकड्याने किंवा गाठीने अडकवायचा, त्याचं दुसरं टोक बोटीवरच्या मजबूत खुंटाला बांधायचं, आणि मग साखळी थोडी सैल सोडायची. आता ओढ साखळीवर नाही, नायलॉनवर आहे. साखळी मध्ये लोंबते. याला स्नबर म्हणतात. खालून येणारी घर्रर्र लोखंडातून वर येते, मऊ नायलॉनपाशी पोचते, आणि तिथेच मरते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच कळेल: कडक वाहकामध्ये एक मऊ तुकडा घातला की वरच्या फ्रिक्वेन्सी पुढे जात नाहीत. लो-पास फिल्टर, दोराचा. आणि दुसरा फायदा, लाटेचा झटका आता बोटीच्या खुंटाला उपटत नाही.

काथ्याचं काम आठवलं? तेच. साखळीने जे घालवलं ते नायलॉनने परत आणलं. फक्त यावेळी दोघंही कामावर आहेत: साखळी खडकाशी भांडते, दोर माणसाला झोपवतो.

इथे एक आडवळण घेतो, कारण मराठी माणसाला ते घ्यायचा हक्क आहे. आपल्याकडे शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर हा एकच शब्द. शेतातला संस्कृत लांगलवरून आणि जहाजाचा फारसी लंगरवरून आला असं मानतात, म्हणजे योगायोगाने जुळे झाले. पण १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये ज्या नांगराचं पेटंट निघालं, त्याचं रूप खरोखर शेतातल्या नांगराच्या फाळासारखं होतं, आणि इंग्रजीतही त्या प्रकाराला नांगर-फाळ अशा अर्थाचंच नाव आहे. त्याचं व्यापारी नाव सीक्यूआर. भरभर म्हणून बघा, सिक्युअर ऐकू येईल. शोधणारा जेफ्री इंग्रॅम टेलर, म्हणजे द्रवगतिशास्त्रातलं एक अतिशय मोठं नाव. टर्ब्युलन्सचा कुठलाही कोर्स केलात तर हा माणूस भेटतोच. स्वतः हाडाचा शिडवाला. त्याने फाळ आणि दांडा यांच्यामध्ये बिजागर ठेवलं, म्हणजे बोट फिरली तरी फाळ जमिनीत राहील. बिजागर म्हणजे हलता सांधा, आणि हलता सांधा झिजला की वाजतो. उचलून रोळावर ठेवलेला असा नांगर नीट बांधला नाही तर लाटेवर खडखडतो. टर्ब्युलन्सच्या महर्षींनासुद्धा सुटका नाही.

आता वर बघू. डोलकाठी.

१९३० ची अमेरिकाज कप शर्यत. एका बाजूला सर थॉमस लिप्टन, हो, चहावाले लिप्टनच, त्यांची शॅमरॉक फाइव्ह. दुसऱ्या बाजूला अमेरिकेची एंटरप्राइज, आरेखन स्टार्लिंग बर्जेसचं. एंटरप्राइजची डोलकाठी लाकडाची नव्हती. ती विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूची, पत्रे रिव्हेट मारून जोडलेली, आतून पोकळ. वर वजन कमी म्हणजे बोट कमी कलंडते, जास्त शीड पेलते. लिप्टन हरले. त्यांचा तो पाचवा आणि शेवटचा प्रयत्न. पण चहाचा खप काही कमी झाला नाही.

रिव्हेटवाली काठी श्रीमंतांची होती. महायुद्धानंतर अॅल्युमिनियमच्या नळ्या एकसंध काढणं स्वस्त झालं आणि पन्नास-साठच्या दशकांत साध्या बोटींवरही अॅल्युमिनियमची काठी आली. आता हिशेब करा. शीड वर ओढायचा दोर, ज्याला हॅलयार्ड म्हणतात, तो काठीच्या टोकापासून खाली येतो आणि काठीला खेटूनच लोंबतो. आधी होता हेम्पचा दोर आणि भरीव लाकूड. आता आहे ताठ दोर, कधी तर स्टीलची तार, आणि पोकळ धातूची नळी. वारा आला, दोर हलला, नळीवर आपटला. दहा-पंधरा मीटर उंचीची घंटा! आणि घंटेचं खालचं टोक तुमच्या केबिनच्या मधोमध उतरलेलं. एका बोटीचा हा हाल. बंदरात अशा दोनशे बोटी असल्या तर रात्री वाऱ्यात देवळातली आरती सुरू आहे असं वाटेल, फक्त कुणालाच ठेका माहीत नसलेली.

इलाज हास्यास्पद सोपा आहे. दोराला काठीपासून दूर ओढा. लवचीक दोरीचा एक तुकडा घ्या, हॅलयार्डला अडकवा, बाजूच्या तारेकडे ताणून बांधा. किंवा हॅलयार्डचं टोकच काढून पुढच्या कठड्याला लावा. अर्धं मिनिट लागतं. तरीही लोक करत नाहीत. कारण ज्याची बोट आहे तो बांधून घरी गेलेला असतो, आणि आवाज ऐकायला शेजारी असतो. म्हणून अनेक मरिनांच्या लेखी नियमांत हॅलयार्ड बांधा असं कलमच असतं. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर कुंड्यांचं पाणी खाली पडू देऊ नका लिहितात, त्याच जातीचं.

पण दोर बांधला तरी टक्-टक् थांबत नाही, तेव्हा माणूस वेडा व्हायच्या बेतात येतो. हा आवाज काठीच्या आतून येत असतो. वरचा दिवा, रेडिओचा अँटेना यांच्या वायरी पोकळ काठीतून खाली येतात आणि बोट डुलली की आतल्या भिंतीवर आपटतात. आत हात जात नाही. यावरचा जो इलाज बोटवाल्यांत पसरला तो मला इंजिनिअरिंगचा छोटा दागिना वाटतो. काठी खाली उतरवली असेल तेव्हा वायरी बाहेर काढायच्या, फूट-दीड फुटावर त्यांना तीन-तीन केबल टाय लावायचे, पण शेपट्या कापायच्या नाहीत. तीन शेपट्या तीन दिशांना. मग वायर परत आत सरकवायची. शेपट्या मिशांसारख्या भिंतीला टेकतात आणि वायर मधोमध तरंगत राहते. खर्च शे-दोनशे रुपये.

आणि केबल टायचा उगम बघा. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीचा मॉरस लोगन विमानाच्या कारखान्यात गेला होता. तिथे कामगार वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारमारून बांधत होते, बोटं सोलवटून. ती गाठ काही खलाशांपासून फार लांबची नव्हती. लोगनने त्याला पर्याय शोधला आणि १९५८ मध्ये टाय-रॅप आला. म्हणजे दोराच्या गाठीला हटवून आलेली वस्तू बोटीवर पोचली, आणि तिचं सगळ्यात उपयोगी अंग निघालं ते शेपूट, जे बाकीचं जग कापून फेकतं.

आता गुणगुण. वारा तारेवरून गेला की तार गाते, हे फार जुनं ज्ञान आहे. अथानासियस किर्खरने १६५० च्या आपल्या संगीतग्रंथात वाऱ्यावर वाजणाऱ्या वीणेचं वर्णन केलंय. पण का गाते? लोकांना वाटायचं की सतारीसारखीच तार कंपते, म्हणजे ताण बदलला की सूर बदलेल. विन्सेंक स्ट्रोहल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे उलटं करून बघितलं. वारा तारेवर सोडण्याऐवजी तारच स्थिर हवेत गरगर फिरवली, आणि १८७८ मध्ये निष्कर्ष छापला: या सुराचा ताणाशी संबंध नाही. फक्त दोन गोष्टी: हवेचा वेग आणि तारेची जाडी. वेग भागिले जाडी, गुणिले साधारण ०.२. झालं सूत्र. लॉर्ड रॅलेने पाठोपाठ दाखवलं की तार कंपते ती वाऱ्याच्या दिशेने नाही, आडवी. कारण नंतर थिओडोर फॉन कार्मानच्या कामातून स्पष्ट झालं, १९११-१२ च्या सुमारास: तारेच्या मागे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरे सुटत जातात, आणि प्रत्येक भोवरा तारेला हलकी टपली मारतो.

लावून बघा. आठ मिलिमीटरची तार, वारा सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. उत्तर येतं २५० हर्ट्झ. पेटीवरच्या पांढरी एकच्या किंचित खाली. वारा वाढला की सूर चढतो, म्हणूनच वादळात तारा किंचाळतात असं जुने खलाशी सांगायचे ते अलंकारिक नव्हतं, तो अॅनिमोमीटर होता. आता तारेऐवजी पंधरा सेंटिमीटरची डोलकाठी घ्या. त्याच वाऱ्यात सेकंदाला तेरा टपल्या. हे कानाला ऐकू येत नाही, वीस हर्ट्झच्या खाली आहे. पण पाठीला कळतं. सगळी बोट थरथरते, पेल्यातलं पाणी शहारतं. आणि या टपल्या काठीच्या स्वतःच्या एखाद्या कंपनाशी जुळल्या तर सांधे आणि खिळे थकायला लागतात. इथे प्रश्न झोपेचा राहत नाही.

यावरचे दोन्ही इलाज जमिनीवरून आले. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीतला जॉर्ज स्टॉकब्रिज वाऱ्याने थरथरून तुटणाऱ्या विजेच्या तारांनी हैराण झाला होता. त्याने तारेला एक छोटं डंबेल लटकवलं: तारेचा आखूड तुकडा, दोन टोकांना वजनं. तार थरथरली की डंबेल नाचतं आणि ऊर्जा खाऊन टाकतं. पुढच्या वेळी घाटातून जाताना हाय टेन्शन लाइनच्या टॉवरजवळ बघा, तारांना डंबेल लटकलेली दिसतील. ती हीच. दुसरा इलाज १९५० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या क्रिस्टोफर स्क्रूटन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा: उंच धुराड्यांना वरच्या भागात सर्पिल पट्ट्या गुंडाळायच्या. गुळगुळीत नळीवरून भोवरे एका तालात सुटतात, सर्पिलामुळे प्रत्येक उंचीवर ताल वेगळा, म्हणून एकत्र जोर लागत नाही. नांगरलेल्या बोटीवर लोक हेच करतात. एक जाड दोर काठीभोवती जिन्यासारखा गुंडाळत वर चढवतात. दिसायला वेडेपणा, काम चोख.

राहिली ती मागची धप्प. ते सुकाणू. प्रवाहात ते इकडून तिकडे हलतं आणि झिजलेल्या बेअरिंगमध्ये आपटतं. सुकाणूचा दांडा मधोमध घट्ट बांधला तरी आवाज येतच राहतो असा अनेकांचा अनुभव. युक्ती अशी की तो एका बाजूला ओढून बांधायचा. मग प्रवाह पातं सतत एकाच दिशेला दाबून धरतो आणि मधली फट उघडतच नाही. गिअरमधली फट काढायला जसा आधीच थोडा दाब देऊन ठेवतात, तसं.

आवाज कुठून येतोय हे शोधायची पद्धतही सांगून टाकतो. बोटीत कान फसवतात, कारण सांगाडा आवाज सगळीकडे वाटून टाकतो. डोक्याशी वाजलेलं खरं तर पायाशी असतं. गॅरेजमधला मेकॅनिक इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी लावतो ना, तेच करायचं. १८१६ मध्ये लाएनेकने गुंडाळलेला कागद रुग्णाच्या छातीला लावला त्याचाच हा चुलत वंश. आणि मग एकेक संशयित बंद करायचा, बायनरी सर्चने. कपांमध्ये फडकं घाला, ऐका. हॅलयार्ड धरून ठेवा, ऐका.

पण सगळेच आवाज बंद करायचे नसतात, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली अवघड गोष्ट हीच आहे. बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा छोटा पंप अधूनमधून घुर्र करतो. कंटाळवाणा आवाज. पण तो रात्रीतून दोनदा व्हायचा तो वीसदा व्हायला लागला, तर कुठूनतरी पाणी आत येतंय. साखळीचंही तसंच. नांगर धरून असताना साखळी फिरताना घरघरते आणि थांबते. नांगर जमिनीतून सुटून घसरायला लागला की खडखड थांबत नाही, झटक्यांसह येत राहते. जुने खलाशी साखळीवर हात ठेवून, पायाचा तळवा ठेवून हे ओळखतात. नायलॉनचा तुकडा लावला की झोप मिळते, पण ही बातमीही मंद होते. म्हणून आज स्नबर लावणारी मंडळी सोबत फोनवर जीपीएसचा अँकर अलार्म लावून झोपतात: बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की फोन बोंबलतो. एक सेन्सर बंद केला, दुसरा बसवला. ज्यांनी प्रॉडक्शनवर कटकट करणारा अलर्ट म्यूट केलाय आणि त्याच्या जागी काहीच लावलेलं नाही, त्यांनी इथे थोडं खोकून घ्यावं.

आणि शेवटी, जे आवाज बोटीचे नसतातच ते.

उबदार समुद्रात नांगर टाकून आडवे झालात की तळातून तडतड ऐकू येते, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखी. नवखा माणूस घाबरतो, तळ फुटतोय वाटतं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग घेणाऱ्यांनाही या आवाजाने पिडलं होतं. अमेरिकन संशोधकांनी माग काढला आणि १९४७ मध्ये तपशील छापले: ही बोटभर लांबीची कोळंबी, चिमटा मिटून आवाज करणारी. चिमट्यावर चिमटा आपटल्याचा तो आवाज असेल असंच सगळे धरून चालले. २००० मध्ये मिशेल व्हर्सलाउस आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने बघितलं तर चिमटा इतक्या जोरात मिटतो की पाण्याची धार सुटते, तिच्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळतो त्याचा तो तडाखा.

दुसरी गोष्ट सॉसलिटोची. सॅन फ्रान्सिस्कोजवळचं गाव, तिथल्या रिचर्डसन उपसागरात लोक बोटघरांत राहतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात उन्हाळ्याच्या रात्री त्यांना एक घुमणारा आवाज छळू लागला. संध्याकाळी सुरू, तासन्तास एकाच सुरात, पहाटे बंद. झोपा उडाल्या. संशय कुणावर? सांडपाण्याच्या पंपांवर, जनरेटरवर, नौदलाच्या गुप्त प्रयोगांवर. काहींनी परग्रहवासीयांनाही सोडलं नाही. संशय यंत्रावर जाणं साहजिक होतं, कारण सूर जवळपास १०० हर्ट्झचा, अगदी स्थिर. आपल्याकडच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बरोबर याच सुरात असते.

स्टाइनहार्ट मत्स्यालयाच्या जॉन मकॉस्करने खरा गुन्हेगार दाखवून दिला. तो मासा निघाला. प्लेनफिन मिडशिपमन, टोडफिशच्या कुळातला. अंगावर चमकत्या ठिपक्यांच्या रांगा, नौदलाच्या गणवेशाच्या बटणांसारख्या, म्हणून नाव मिडशिपमन. विणीच्या हंगामात नर उथळ पाण्यात दगडाखाली घर करतो आणि पोटातल्या हवेच्या पिशवीचे स्नायू सेकंदाला शंभरेक वेळा आखडून मादीला बोलावतो. एकेक हाक तासाभरापेक्षाही लांब चालते. वर बोटघराचा पोकळ तळ, म्हणजे पुन्हा तोच डग्गा.

याला दोर बांधून थांबवता येत नव्हतं, नायलॉन लावता येत नव्हतं. कारण कळल्यावर सॉसलिटोकरांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी या गुणगुणणाऱ्या माशाच्या नावाने गावात उत्सव सुरू केला.